पागेचे सौंदर्यशास्त्र

वास्तूही वाचावी लागते, ही गोष्ट आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी म्हणावी तितकी मनावर घेतलेली नाही. कविता, कथा, आत्मकथन हाती आले की आपण विचारतो : हे कोणी लिहिले? कोणासाठी लिहिले? यातून कोण वगळला गेला? दगडचुन्याच्या इमारतीसमोर मात्र आपली समीक्षा गप्प होते. मान वर करून आपण कमानी मोजतो, कोरीवकामाची तारीफ करतो आणि घरी येतो. प्रस्थापितांच्या साहित्याला प्रश्न विचारण्याची हिंमत ज्या चळवळीने आपल्याला दिली, त्या चळवळीने प्रस्थापितांच्या इमारतींना अजून पुरेसे प्रश्न विचारलेले नाहीत, असे मला वाटते. या लेखात मी एकाच प्रकारच्या इमारतीपुरता तो प्रयत्न करणार आहे. ती इमारत म्हणजे पागा, घोड्यांचे घर.

विषय सुचला तो एका विद्यार्थिनीमुळे. आमचा वर्ग घेऊन मी पुण्याला विद्यापीठाची मुख्य इमारत दाखवायला गेलो होतो. ही इमारत मुळात गणेशखिंडीचे गव्हर्नमेंट हाउस. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत १८६४ साली काम सुरू झाले आणि १८७१ साली संपले. वास्तुकार जेम्स ट्रबशॉ. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे जाऊन पावणेदोन लाख पौंडांच्या घरात गेला आणि त्याबद्दल खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटात ओरड झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीच्या कैफात हा डोलारा उभा राहिला. राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने वाइट बेटावर बांधवलेल्या ऑस्बर्न हाउसचा ठसा या इमारतीवर असल्याचे सांगितले जाते. म्हणजे इंग्लंडातल्या खाशा वाड्याचे कलम दख्खनच्या माळावर लावले गेले : नाचाचा दिवाणखाना, मेजवानीचे दालन, बाग, हिरवळ आणि अर्थातच घोडे. मी हे सारे मुलांना सांगत होतो. पश्चिम आंबेगावातली एक मुलगी म्हणाली, "सर, साहेबाची घोडी कुठं बांधत असतील? आन् घोड्यांची मानसं कुठं निजत असतील?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी याच विद्यापीठाचा पदवीधर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. त्या हिरवळीवर बसून मी मर्ढेकरांवर आणि ढसाळांवर वाद घातले. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडायला हवा होता, कारण त्याचे अर्धे उत्तर माझ्या घरातच होते. ते पुढे सांगेन.

प्रथम ज्या मुळाचे हे कलम, त्या मुळाकडे पाहू. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या उमरावांनी आपल्या इस्टेटींवर घोड्यांसाठी ज्या इमारती उभारल्या, त्या पाहून आपला शेतकरी त्यांना राजवाडाच म्हणेल. यॉर्कशायरमधील वेंटवर्थ वुडहाउस येथे मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम याने जॉन कार या वास्तुकाराकडून १७६६ पासून जी पागा बांधून घेतली, तिच्यात ८४ घोड्यांची सोय होती. मध्ये चौक, चौकात कारंजे, दर्शनी भागाला खांब. या उमरावाच्या पदरी व्हिसलजॅकेट नावाचा घोडा होता. जॉर्ज स्टब्ज या चित्रकाराने १७६२ च्या सुमारास त्याचे हुबेहूब आयुष्याएवढे चित्र काढले. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. चित्रात घोडा एकटा आहे. पार्श्वभूमी नाही, जमीन नाही, लगाम नाही आणि लगाम धरणारा माणूसही नाही. घोडा जणू स्वयंभू! त्याला चंदी कोणी घातली, त्याच्या अंगावरची ती झळाळी कोणाच्या खराऱ्याने आली, हे चित्र सांगत नाही.

इथे स्टब्जवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. याच चित्रकाराने म्हातारपणी, १८०० साली, हॅम्बल्टोनियन नावाच्या शर्यतीच्या घोड्याचे चित्र काढले. शर्यत जिंकून घामाघूम झालेला, मेटाकुटीला आलेला घोडा. शेजारी एक मोतद्दार आणि घोडा पुसणारे पोर. दोघेही थेट आपल्याकडे पाहतात. ज्याने मालकाच्या वैभवाची चित्रे काढून पोट भरले, त्यालाही शेवटी चाकराची नजर टाळता आली नाही. कलावंताची प्रामाणिकता ती हीच. पण मालकाच्या दिवाणखान्याची शोभा वाढवते ते पहिल्या जातीचे चित्र, दुसऱ्या जातीचे नव्हे.

ब्रायटनची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. इंग्लंडच्या युवराजाने तेथे विल्यम पोर्डन याच्याकडून १८०३ ते १८०८ या काळात पागा बांधून घेतली. वर ८० फूट व्यासाचा घुमट, आणि शैली हिंदुस्थानी! डॅनिएल चुलत्या-पुतण्यांनी हिंदुस्थानातल्या इमारतींची जी चित्रे छापली होती, त्यांनी इंग्लंडात एक लाटच आणली होती. पेशव्यांच्या दरबारी वकील असलेल्या चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने जेम्स वेल्स या चित्रकाराने वेरूळची लेणी रेखाटली. ती चित्रेही थॉमस डॅनिएलनेच १८०३ साली प्रसिद्ध केली. आमच्या मुलखातला दगड असा कागदावर उतरून उमरावांच्या घरी पोचला. युवराजाच्या या पागेबद्दल लोक म्हणत की घोडे मालकापेक्षा चांगल्या घरात राहतात. तो विनोद होता. पण ज्यांच्या घामातून ही संपत्ती गोळा झाली, त्या मुलखांत घोडे माणसांपेक्षा चांगल्या घरात राहत, हा विनोद नव्हता.

पुढे काय झाले पाहा. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून, याच ब्रायटनच्या महालात आणि पागेच्या घुमटाखाली जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ उघडले. घोड्यांच्या जागी खाटा आल्या. या इस्पितळासाठी जातिधर्मांनुसार नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदूंचे पाणी निराळे, मुसलमानांचे निराळे. साता समुद्रांपलीकडे, परक्याच्या पागेतही, जात आपले ताट-वाटी घेऊन हजर झाली! त्याच काळात इंग्लंडातल्याच ब्रोकनहर्स्ट येथे हिंदी सैनिकांच्या इस्पितळातला सुखा नावाचा सफाईवाला १९१५ साली वारला. अस्पृश्य म्हणून त्याला हिंदूंनी आपल्यात घेतले नाही आणि मुसलमानांच्या दफनभूमीतही जागा मिळाली नाही, अशी हकीकत नोंदलेली आहे. अखेर तिथल्या ख्रिस्ती पाद्र्याने त्याला चर्चच्या आवारात पुरले आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला. तो दगड आजही आहे. वास्तू आपोआप माणसाला मुक्त करत नाही, घोड्यांचा महाल इस्पितळ झाला तरी त्यात शिरणारी माणसे आपली व्यवस्था बरोबर घेऊन येतात, हा याचा अर्थ.

आता आपल्याकडे वळू. माझ्या तालुक्यातून वाहणाऱ्या नदीचे नाव घोड आणि तालुक्याचे ठिकाण घोडेगाव. शेजारी जुन्नर, शिवनेरीच्या पायथ्याचे हे शहर १६५७ साली शिवाजीराजांनी मोगलांकडून लुटले तेव्हा रोकडीबरोबर घोडेही नेले. घोडा म्हणजे त्या काळची सत्ता. सभासदाने स्वराज्यातल्या पागेची रचना सांगितली आहे : २५ बारगिरांवर एक हवालदार आणि त्यांच्या दिमतीला एक पखालजी, एक नालबंद. पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा यांची निदान गणती तरी इथे झाली. याचे श्रेय दिले पाहिजे. पण पागेचा हिशोब एवढ्यावर संपत नाही. खोगिराचे कातडे कमावणारा ढोर, ते शिवणारा चांभार, आगाडी-पिछाडीचे दोर वळणारा मांग, गवताचे भारे वाहणारा आणि मेलेले जनावर ओढून नेणारा महार : एका घोड्याच्या चार पायांवर अवघे गावगाड्याचे उतरंडीचे जग उभे असते. पागेच्या कमानीचे वर्णन करणाऱ्याला ही उतरंड दिसत नसेल, तर त्याने अर्धीच इमारत पाहिली असे म्हटले पाहिजे.

माझ्या आजाने ही दुसरी अर्धी इमारत पाहिली होती. साहेबाचा किंवा मामलेदाराचा तळ गावात पडला की गवत, लाकूडफाटा महारवाड्याने पुरवायचा, रात्री घोड्यापाशी जागायचे आणि सकाळी सामान पुढच्या गावी पोचवायचे. वतनाची ही वेठ कायद्याने संपली ती १९५८ च्या वतन निर्मूलनाच्या कायद्यानंतर. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कौन्सिलात बिल आणले होते. आजा सांगे, "घोड्याची चंदी मापून मिळायची. आपली भाकर मागून." या एका वाक्यात जे अर्थशास्त्र आहे, ते मला कोणत्याही वास्तुकलेच्या ग्रंथात सापडलेले नाही. मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हेच. घोड्यांची माणसे निजत नव्हती, ती जागत होती.

आता साहित्याकडे. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने घोड्यावर अलोट प्रेम केले. टापांचा आवाज, आयाळ, फुरफुरणे यांवर पाने खर्ची पडली. घोड्याला नाव असते, वंश असतो, डोळ्यांत पाणी असते. खरारा करणाऱ्याला बहुधा नावही नसते. तो 'मोतद्दार धावला' एवढ्यापुरता येतो आणि लगाम हातात घेऊन वाक्याबाहेर जातो. इंग्रजीतले एक पुस्तक या बाबतीत विचार करायला लावते. ॲना सूएल या बाईने १८७७ साली 'ब्लॅक ब्यूटी' लिहिले. घोड्याने सांगितलेले हे त्याचे आत्मचरित्र. घोड्याची मान जबरदस्तीने वर ताणून धरणाऱ्या लगामाच्या फॅशनविरुद्ध या पुस्तकाने लोकमत जागे केले. त्यात तबेल्यातल्या माणसांना नावे आहेत, स्वभाव आहेत, चुका करण्याचा हक्क आहे. करुणा खरी आहे. पण ती मालकाने चांगले वागावे एवढेच मागते. मालक का असावा, हे विचारत नाही. आणि आपल्याकडचा हिशोब? घोड्याला आत्मचरित्र मिळाल्यावर १०१ वर्षांनी, १९७८ साली, 'बलुतं' आले. आत्मकथनांनी गावकामाची यादी आतून, कण्हत आणि शिव्या देत सांगितली. मराठी समीक्षेतल्या काहींना त्यात 'कलात्मक अंतर' कमी वाटले. घोड्यापासून मोतद्दाराचे अंतर नेमके किती असते? लाथ बसेल एवढे. त्या अंतरावरून लिहिणाऱ्याकडे सज्ज्यात बसलेल्याची अलिप्तता मागणे, हाच पागेच्या सौंदर्यशास्त्राचा गाभा आहे. जे दुरून दिसते ते सुंदर, आणि दुरून पाहण्याची सोय ज्याला आहे तो रसिक.

याच्या उलट टोकाचा एक धोका आपल्या बाजूलाही आहे. घोडा वरच्यांचा, तेव्हा घोड्यावर बसणे म्हणजेच मुक्ती, असे आपल्या काही तरुणांना वाटते. मार्च २०१८ मध्ये गुजरातेत भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. घोडा बाळगतो आणि त्यावर बसतो म्हणून मारले, अशी फिर्याद त्याच्या कुटुंबाने दिली. नवरदेवाला घोड्यावरून उतरवल्याच्या बातम्या उत्तरेकडून आजही येतात. अशा ठिकाणी घोड्यावर बसणे हा निखळ नागरी हक्क आहे आणि त्या हक्कासाठी उभे राहणाऱ्याच्या मागे आपण उभे राहिलेच पाहिजे. पण हक्क वेगळा आणि मूल्य वेगळे. बाबासाहेबांना १९२९ साली चाळीसगावात आलेला अनुभव आठवावा. अस्पृश्य उतारू म्हणून टांगेवाल्याने टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या माणसाने, ज्याला सवय नव्हती, लगाम हाती घेतला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब फेकले गेले, घोडा-टांगा खाली नदीत गेला. वस्तीने आपल्या पाहुण्याने चालत येऊ नये म्हणून हा मान मांडला होता. टांगेवाल्यासारखा हातावर पोट असलेला माणूसही जातीच्या बळावर स्वतःला एका बॅरिस्टरपेक्षा उंच समजतो, हे बाबासाहेबांनी त्यातून दाखवले. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मानाचे साधन वरच्यांकडून जसेच्या तसे उसने घेतले की त्याची किंमतही आपल्यालाच मोजावी लागते. महात्मा फुले १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉटच्या समारंभाला गेले ते शेतकऱ्याच्या वेषात. त्यांनी साहेबाचा झगा उसना घेतला नाही. त्याआधी १८८० साली लॉर्ड लिटनच्या स्वागतखर्चाला पुणे नगरपालिकेत विरोध करणारे तेच होते. याच दशकात जुन्नर तालुक्यात सत्यशोधक चळवळ रुजली, ओतूरच्या डुंबरे पाटलांनी ती चालवली, आणि इथल्या कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायला नकार दिला. राजवाड्याला द्यायचे उत्तर या मातीत आधीच लिहिलेले आहे.

आणि त्याही आधी, दगडावर. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. त्यात यज्ञांची यादी आहे, दोन अश्वमेध आहेत, दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापणे यांच्या गणना आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज नावे उरली आहेत आणि मूर्तींच्या पायांच्या खुणा. घोड्याच्या नावाने सत्ता मिरवणारा हा आपल्या भागातला सर्वांत जुना मजकूर. पण याच जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, शिवनेरीच्या कड्यात, मानमोडीत, लेण्याद्रीला, शेकडो बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतले लेख वेगळेच बोलतात. तिथे धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी लेणे आणि पाण्याचे टाके देते. तिथे वंसकारांच्या, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या, आणि कासारांच्या श्रेणीपाशी संघासाठी धर्मदायाची ठेव ठेवलेली आहे. बांबू विणणारे हात इतके विश्वासाचे होते की लोकांचा पैसा त्यांच्यापाशी सुरक्षित समजला जाई! आजचा बुरूड अनुसूचित जातींच्या यादीत आहे. तेव्हाचे वंसकार आणि आजचे बुरूड एकच, असे मी म्हणत नाही. तेवढा पुरावा माझ्यापाशी नाही. पण तोच धंदा एका काळी ठेव सांभाळण्याइतका प्रतिष्ठित होता आणि दुसऱ्या काळी वेशीबाहेर गेला, यावरून प्रतिष्ठा धंद्यात नसते, ती देणाऱ्या-काढून घेणाऱ्या व्यवस्थेत असते, एवढे निश्चित. राजाच्या लेखात घोडे मोजले गेले. संघाच्या लेखात कारागीर मोजले गेले. दोन्ही दगड आपल्याच तालुक्यातले. आपला वारसा कोणता, हे आपण ठरवायचे आहे.

यावर एखादा म्हणेल, मग पाडा ती गणेशखिंड! तसे मला म्हणायचे नाही. वेंटवर्थ वुडहाउसमध्ये १९५० पासून १९७९ पर्यंत व्यायामशिक्षिका घडवणारे मुलींचे महाविद्यालय होते आणि घोड्यांच्या चौकात विद्यार्थिनी वावरल्या. गणेशखिंडीत १९४९ पासून विद्यापीठ आहे आणि २०१४ पासून त्याला सावित्रीबाईंचे नाव आहे. गव्हर्नरच्या नाचघराच्या आवारावर शेणाचा मारा सोसणाऱ्या बाईचे नाव लागावे, हा लहान विजय नव्हे. पण ब्रायटनचा धडा विसरून चालणार नाही. नाव बदलल्याने आतली पंगत बदलतेच असे नाही. वसतिगृहात जागा कोणाला मिळते, शिष्यवृत्ती वेळेवर कोणाला मिळत नाही, संशोधनाचा मार्गदर्शक कोणाला मिळत नाही, यावरून ती इमारत कोणाची हे ठरते. गव्हर्नर गेला तरी सज्जा रिकामा राहत नाही.

हा सारा खटाटोप आज का, असे कोणी विचारील. कारण वास्तूंचा बाजार आपल्या दाराशी आला आहे. जुन्नर २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. शिवनेरी २०२५ साली मराठ्यांच्या लष्करी वास्तुपरंपरेतील १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेला. धरणांच्या काठाला शेतघरे आणि रिसॉर्टे उभी राहत आहेत. डिंभे धरणाच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेले, ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते गाव. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुनी देवळे वर येतात आणि पाहुणे त्यांचे फोटो काढतात. उठवलेल्या आदिवासी कुटुंबांचा फोटो कोणी काढत नाही. आमच्याच वर्गातली मुले उद्या या ठिकाणी वाटाडे होणार आहेत. पाहुण्याला ती काय सांगणार? पाठ करून दिलेली पागेची रसाळ वर्णने, की वंसकारांची ठेव आणि मापून दिलेली चंदी?

म्हणून समीक्षेने कोणत्याही वास्तूसमोर उभे राहताना तीन साधे प्रश्न विचारावेत, असे मी सुचवतो. हिच्यावर नाव कोणाचे आहे? हिच्यात रात्री कोण निजत होते आणि कोण जागत होते? आणि आज हिच्या आत कोण बसते? या तीन प्रश्नांना उत्तर दिल्यावरही जी इमारत सुंदर वाटेल, तिला मी खुशाल सुंदर म्हणेन. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना मला तसे वाटते. गणेशखिंडीबद्दल अजून वाटत नाही. ते वाटावे अशी माझी इच्छा आहे आणि ते आपल्या हातात आहे.

त्या मुलीने यंदा आपल्या प्रकल्पासाठी विषय घेतला आहे : 'साहेबाच्या तळाला आमच्या गावाने काय काय वाहिले.' गावातली म्हातारी माणसे गाठून ती यादी करते आहे. गवताचे भारे, लाकूडफाटा, घागरी, कोंबड्या, रात्री. होय, तिने यादीत 'रात्री' असाही एक रकाना ठेवला आहे.